आमी कोनाची रिपोट देत नाही

माझ्या दवाखान्यात येणारे गुडघे बहुतेक बसून बसून बिघडलेले असतात. गोंदिया हे धानाच्या व्यापाराचं आणि राइस मिलांचं गाव. दिवसभर गादीवर बसणारे शेठ आणि त्यांच्या शेठाणी, यांचेच पाय मी वीस वर्षं वाकवते आणि सरळ करते आहे. फिजिओथेरपिस्ट हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून लोक मला मालिशवाली म्हणतात. मालिशवाली म्हटलं की माझं टाळकं सरकतं. तसं ते कशानेही सरकतं. घरचे म्हणतात, हिच्या नाकावरच्या रागाला तेवढा व्यायाम नाही.

अशात नागपूरच्या एका संस्थेतून फोन आला. तिथले एक मोठे डॉक्टर खेळताना होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास करत होते. त्यांना स्टेडियममधले खेळाडू नको होते. शेतातून, कामावरून येऊन संध्याकाळी मातीच्या मैदानावर कबड्डी-क्रिकेट खेळणारी माणसं हवी होती. अशा लोकांना कुठे लागतं, कसं लागतं, हे कुणी विचारतच नाही. ते कळलं तर लागूच नये यासाठी काही करता येईल, असं त्यांचं म्हणणं. माझं काम एवढंच की आमच्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये जायचं, खेळाडूंना अभ्यासात सामील व्हायला तयार करायचं, आणि मग वर्षभर दर पंधरा दिवसांनी त्यांच्या दुखापती विचारून फॉर्म भरायचे. मी लगेच हो म्हटलं. गादीवरच्या गुडघ्यांचा मला कंटाळा आला होता.

नागपूरला दोन दिवस शिकवणी झाली. त्यात डॉक्टरांनी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. कुणावर जबरदस्ती करायची नाही. कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळता कामा नये, मग तो त्याचा सख्खा भाऊ का असेना. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, यात अवघड काय आहे?

सुरुवात कोहमाऱ्याला केली. तिथे महामार्गावरच्या ढाब्यांवर काम करणाऱ्या पोरांची क्रिकेटची टीम होती. त्यांनी फॉर्म पाहिला आणि त्यांना चेवच चढला. बोट मोडलं, ढोपर फुटलं, डोक्यात बॉल बसला. एकाने तर दाढ दुखते तेही लिहायला लावलं. मी खूश होऊन परतले. सोपंच आहे म्हणून आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

मग सालेकसाच्या पुढच्या एका गावात बायकांची कबड्डीची टीम आहे असं कळलं. गावात दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे आमच्याकडची जत्राच. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दिवसा सामने आणि संध्याकाळनंतर दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं नाटक. त्या मंडईत काही वर्षांपूर्वी बायका गंमत म्हणून मैदानात उतरल्या आणि मग उतरतच राहिल्या. आता आसपासच्या गावांतही बायकांच्या टीम आहेत. मी गेले तेव्हा उन्हाळा होता. विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडून, पुडे बांधून, हात धुऊन त्या आल्या होत्या आणि शाळेमागच्या मैदानावर लुगड्याचा काष्टा घालून किंवा पोरांचे टी-शर्ट चढवून खेळत होत्या. मी ओट्यावर बसून पाहत राहिले आणि माझा चहा निवला. सकाळपासून जंगलात वाकलेल्या बाया संध्याकाळी एकमेकींना उचलून आपटत होत्या आणि हसत होत्या. गादीवरच्या माझ्या शेठाणींना जिना चढायला नातू लागतो.

टीमची कप्तान गावची अंगणवाडी सेविका होती. चाळिशीची, आवाज खणखणीत. खेळ संपल्यावर तिने सगळ्यांना माझ्यापुढे बसवलं. अभ्यास काय, कशासाठी, कुणावर सक्ती नाही, सगळं मी समजावलं. सगळ्या सामील व्हायला तयार झाल्या. अंगठे नाहीत, चक्क सह्या. मग मी एकेकीला विचारलं, "मागच्या वर्षभरात खेळताना काही दुखापत?"

"नाही जी."

"नाही."

"काईच नाही, मॅडम."

बाराच्या बारा जणी. मी बारा फॉर्मवर बारा शून्यं काढली आणि गाडीला किक मारली. आमगावच्या अलीकडे मला शंका आली. मातीच्या मैदानावर, अनवाणी, बारा जणी वर्षभर कबड्डी खेळतात आणि एकीलाही खरचटत नाही?

पुढच्या खेपेला मी फॉर्म पिशवीतच ठेवले आणि नुसती पाहत बसले. वीस वर्षांचा धंदा आहे. माणूस कसा उठतो-बसतो एवढ्यावरून मला त्याचं हाड कळतं. एकीचा खांदा वर जात नव्हता. एक जण पाणी डाव्याच हाताने पीत होती. आणि एक होती, डाव्या कोपऱ्यावर खेळणारी. नावं लिहायची नाहीत असं वचन आहे, म्हणून तिला मी डावा कोपराच म्हणते. पंचविशीची असेल, सून म्हणून या गावात आलेली, टीममधली सगळ्यात भारी पकड तिची. समोरची रेडर आली की ही घोट्यावर अशी झेप घ्यायची की मी जागची उठायचे. पण ओट्यावरून उतरताना ती आधी डावा पाय खाली टेकवायची आणि भार उजव्यावर ठेवायची. वळायची तेव्हा डावा पाय उचलून, पुन्हा ठेवून वळायची. त्या गुडघ्याच्या आतला दोर तुटलेला आहे, हे मला हात न लावता कळलं. असा गुडघा सरळ चालतो, कामही करतो. पण कधीतरी वळताना दगा देतो, आणि प्रत्येक वेळी आतली गादी थोडी आणखी फाटते. एकदा ती पूर्ण फाटली की चिखलात उभं राहणं संपलं. आणि ही तर रोवणा, म्हणजे धानाची लावणी करणारी बाई.

मी खेळ थांबवला आणि माझं टाळकं सरकलं. "तुमची हाडं लोखंडाची आहेत का? मी काय मूर्ख आहे? हिचा खांदा, तिचं मनगट, मला दिसत नाही? मग फॉर्मवर नाही काऊन सांगता?"

सगळ्या मातीकडे पाहत राहिल्या. कप्तान मला बाजूला घेऊन गेली.

"मॅडम, रागवू नोका. पन आमी कोनाची रिपोट देत नाही."

मी फॉर्मकडे पाहिलं. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं: दुखापत रिपोर्ट. खाली विचारलं होतं: समोरच्या खेळाडूशी झटापट झाली का, त्याने काय केलं, वर्णन करा. त्याखाली सही.

आमच्या भागात रिपोट देणं म्हणजे ठाण्यात जाऊन कुणाविरुद्ध तक्रार लिहून देणं. मी इथलीच आहे, जन्मापासून हाच अर्थ ऐकते आहे. पण फॉर्म इंग्रजीतून आला, नागपुरात मराठी झाला, आणि मी शहाण्यासारखी तो वाचून दाखवत बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते हेच.

"मागच्या साली गावात वावराच्या धुऱ्यावरून रिपोट झाली," कप्तान सांगू लागली. "दोन घरं आजवर बोलत नाही. आता तुमी म्हनता, कबड्डीत कोनं पाडला ते लिवून द्या. आमच्या लेकी त्या गावात देल्या आहेत, त्याईच्या लेकी आमच्या घरी आहेत. मार त लागतेच. पन रिपोट कायले द्यायची?"

मला एकदम लाज वाटली. या बारा जणींनी दुखणं लपवलं नव्हतं. ज्यांनी त्यांना पाडलं होतं त्यांना त्या वाचवत होत्या. मोडलेलं मनगट घेऊन, एक अनोळखी बाई तोंडावर विचारत असताना, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. ज्या खेळाला मी इतके दिवस नुसता जोर समजत होते, त्याच्या आत असलं काही असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग याला काय म्हणू?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. रोज अंगणवाडीत पोरांची नावं पुकारणारी बाई ती. "हजेरी म्हना. हजेरीत कोन आला ते राहते. कोनाच्यानं आला ते नाही राहत."

मी नागपूरला फोन केला. मोठे डॉक्टर म्हणाले, "झटापटीचा प्रश्न मी काढून टाकतो. तुम्ही हजेरी घ्या."

पंधरा दिवसांनी त्या शाळेमागे गोल करून बसल्या. ऊन उतरलं होतं. कप्तानने सुरुवात स्वतःपासून केली, अंगणवाडीतल्याच आवाजात. "उजव्या हाताचा अंगठा. तीन वर्सांपासून. हजर."

तिच्या शेजारची म्हणाली, "डावा खांदा. हजर."

"छातीच्या दोन फासोड्या. हजर."

"घोटा. दोन्ही घोटे. हजर, हजर." यावर सगळ्या हसल्या.

एक जण म्हणाली, "कान. हजर." कानात मार बसून तिला त्या बाजूने कमी ऐकू यायचं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याची हाक ऐकू येत नाही हे तिला सोयीचं होतं. पुन्हा हसू. मी लिहीत होते आणि माझा हात मागे पडत होता. जुनी, नवी, जिरलेली, न जिरलेली, एवढी दुखणी त्या एका गोलात बसली होती आणि एकाही दुखण्यासोबत कुणाविषयी वाकडा शब्द नव्हता. दवाखान्यात माणसं दुखणं सांगतात तेव्हा पहिलं वाक्य दुसऱ्याबद्दल असतं: सुनेने जड बादली उचलायला लावली, पोराने गाडी खड्ड्यात घातली. इथे नुसतं अंग बोलत होतं.

मग डाव्या कोपऱ्याची पाळी आली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माहं काई नाही," ती म्हणाली.

कप्तानने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या फॉर्मवर शून्य काढलं. जबरदस्ती करायची नाही, हे लिहून घेतलेलं वाक्य तेव्हा मला पहिल्यांदा अवघड वाटलं. जाताना तिला एकटीला गाठून एवढंच म्हटलं, की कधी गुडघा वगैरे तपासून घ्यावा वाटलं तर सांग. ती म्हणाली, "गुडघ्याले काय झाला?" आणि डावा पाय आधी टेकवत ओट्यावरून उतरून गेली.

रोवणा सुरू झाला तशी माझी चिंता वाढली. कप्तान सांगायची, ती बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दोनदा पडली, पाय घसरला म्हणाली. पोळ्यानंतर तिने आणखी एक गोष्ट सहज सांगितली, की या बाईचं माहेर दरेकसाच्या बाजूला, रेल्वेने अवघं एक स्टेशन; पण मागच्या मंडईपासून ती माहेरी गेलेली नाही. पोळ्यालाही नाही, तिजेलाही नाही. सासरचे जा म्हणतात, तर ही कामाचं निमित्त सांगते.

दरेकसाकडच्या त्या गावातही बायकांची टीम होती, आणि माझ्या यादीत ती होतीच. मग मी तिथे गेले. डोंगराच्या पायथ्याचं गाव, चहूबाजूंनी जंगल, खेळायला जागा म्हणजे स्टेशनच्या वाटेवरचा एक सपाट तुकडा. आता मी शहाणी झाले होते. रिपोटचं नावही काढलं नाही. हजेरी म्हणजे काय ते सांगितलं आणि त्याही गोल करून बसल्या. त्यांच्यात एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होती, काटकुळी, त्यांची मुख्य रेडर. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मले मांगून घ्या."

सगळ्या गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. पायाच्या बोटाने माती उकरत राहिली.

"मले काई लागला नाही. माह्यानं लागला. ते लिवता येते का?"

"तुझ्यामुळे? कुणाला?"

"बाईले." मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. "मांगच्या मंडईत. तिचा सासर त्या टीममंधी, मी या टीममंधी. मी रेड टाकाले गेली, बाईनं माहा पाय धरला. सोडवाले मी अंगावरून मुरडून निंगाली. तिचा गुडघा कट्टकन वाजला. मी आयकली, मॅडम. दुसऱ्या कोनी नाही आयकला. ते उठली, माती झटकली, पुरा सामना खेळली. तवापासून घरी आली नाही. माह्यावर राग आहे तिचा. राग राहीलच ना."

मी विचारलं, "कोणता गुडघा?"

"डावा."

फॉर्ममध्ये दुसऱ्याला झालेल्या दुखापतीसाठी जागाच नव्हती. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. ती अक्षरांकडे पाहत होती. तिला वाचता येत होतं, तरी विचारलं, "माह्यानं लागला, असाच लिवला ना?"

घरी परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. मला सगळं माहीत होतं आणि काही बोलायची मुभा नव्हती. नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "नाही. एकीचं दुसरीला सांगायचं नाही. सांगणार नाही म्हणूनच त्यांनी तुम्हाला सांगितलं." मी म्हटलं, "सर, एक गुडघा वाया चाललाय." ते म्हणाले, "तपासणीचं शिबिर घ्या. सगळ्यांसाठी. तिने यावं म्हणून प्रार्थना करा." मी फोन ठेवला आणि नियमाला दोन सणसणीत शिव्या दिल्या. मग तो पाळला.

शिबिर घेतलं. अकरा जणी आल्या, ती आली नाही. मी सगळ्यांना उद्देशून, तिच्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की जिचा गुडघा वळताना उतरतो तिने यंदा मंडईत खेळू नये. निरोप पोचला असणार. पोचला आणि तिने तो कानाआड केला.

मंडईच्या दिवशी मी सकाळीच जाऊन दोरीला लागून जागा धरली. लवकर येणारं हलकं धान निघालेल्या एका बांधीत चुन्याने मैदान आखलं होतं. आजूबाजूला फुगे, बांगड्या, जिलबीचा घाणा, भोंग्यावर हिंदी-मराठीची खिचडी. शेवटचा सामना या दोन गावांत येणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि आलाही तोच. सासर विरुद्ध माहेर म्हणून गर्दीला चेष्टेचा विषय मिळाला. "वो, बाई जिंकली त भाटव्याले जेवू नका घालू," असं कुणीतरी धाकटीला ओरडून म्हणालं; भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. धाकटी हसली नाही. डावा कोपरा आपल्या जागेवर उभी होती. मैदानाच्या दोन टोकांना असलेल्या त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही.

मी खेळ पाहिलाच नाही. मी एक पाय पाहत होते. दोन पकडी तिने केल्या, दोन्ही वेळा डावा पाय सांभाळून. गुण बरोबरीत आले. वेळ संपत आली. धाकटी शेवटच्या रेडसाठी आली, कबड्डी-कबड्डी म्हणत, मांजरीसारखी वाकून. उजवीकडे हूल देऊन ती डावीकडे वळली, आणि बहिणीने झेप टाकून तिचा घोटा धरला.

मागच्या वर्षीचीच पकड. मी ती पाहिली नव्हती, पण माझ्याकडे लिहिलेली होती. घोटा दोन्ही हातांत, डावा गुडघा खाली मातीत रुतलेला. मध्यरेषा धाकटीपासून एका हातावर. अंग मुरडून झोकून दिलं की हात टेकणार, सामना तिच्या गावाचा. तिने मान वळवून खाली पाहिलं.

आणि तोंड मिटलं.

कबड्डी-कबड्डीचा आवाज बंद झाला. दम सोडला. हात अजून मोकळा, श्वास छातीत शिल्लक, आणि ती नुसती उभी. पंचांनाही क्षणभर कळलं नाही, मग शिटी वाजली. रेडर बाद. सामना गेला. तिच्या गावाची माणसं आरडाओरडा करू लागली. मी इतके सामने पाहिले, आयुष्यात कुणाला असं हरताना पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

सगळ्यात जास्त चिडली ती जिंकलेली बहीण. तशीच मातीत बसून ओरडली, "दम काऊन सोडलीस वो? मी का भीक मांगली होती?"

"तुह्या गुडघ्यापाई," धाकटी म्हणाली. तितक्याच मोठ्याने. दोरीपर्यंत ऐकू गेलं.

"माह्या गुडघ्याले काय झाला?" म्हणत ती उठायला गेली, अर्धी वळली, आणि गुडघा उतरला. साऱ्या मंडईसमोर ती खाली बसली. या वेळी माती झटकली नाही.

थोड्या वेळाने कप्तानच्या खांद्यावर हात टाकून ती माझ्याजवळ आली. चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, लिवा. डावा गुडघा. एक साल झाला." मग आवाज उतरवून म्हणाली, "पाय माहाच चुकीचा पडला होता. धराले गेली ते माही चूक. रेडरची काई चूक नोती. असाच लिवजा."

माझ्या पिशवीत दुसरा फॉर्म होता, त्याच्या मागच्या बाजूवर तोच दिवस, तोच गुडघा. तिने सांगितलं तसं लिहून घेतलं आणि तिला विचारलं, नागपूरला येशील का? ती म्हणाली, "चालन."

ऑपरेशन पुढे झालं आणि चांगलं झालं. यंदा रोवण्यात तिला मी बांधावर बसवलं आहे, पुढच्या साली चिखलात उतरेल. पण माझ्या मनात राहिली आहे ती ऑपरेशनच्या आधीची, तपासणीची सकाळ. मी तिला घ्यायला सालेकसा स्टेशनवर गेले, तर दरेकसाकडून येणाऱ्या गाडीतून धाकटीही उतरली, हातात डब्यांची पिशवी. कुणी बोलावलं नव्हतं. गोंदियाला गाडी बदलून नागपूरपर्यंत दोघी समोरासमोर बसल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. मीच बोलत राहिले, वेड्यासारखी, हवापाण्याचं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी तिला पलंगावर बसवलं, गुडघा दोन्ही हातांत धरून पुढे ओढून पाहिला आणि कागदाकडे वळत विचारलं, "हे कसं झालं?"

"माह्यानं," दोघी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांचा हात थांबला. बहिणींनी वर्षभरात पहिल्यांदा एकमेकींकडे नीट पाहिलं.

"तू चूप राय, लायने," मोठी म्हणाली. "पाय माहा चुकला."

"तुवा धरलीस, मुरडली मी. मी आयकली त्याचा आवाज."

"तुले काय कराचं आयकून?"

"मंग घरी काऊन नाही आली? राग नोता त पोळ्याले काऊन नाही आली?"

मोठीचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली. "लंगडत आली असती त मायनं पुसला असता ना, कोनाच्यानं झाला! काय सांगतली असती मी? तुहं नाव?"

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू वाकडं झालं आणि ती रडायला लागली, लहान पोर रडतं तशी, नाक ओढत. मोठीने तिच्याकडे न पाहता पलंगावर थोडं सरकून जागा केली. धाकटी चपला काढून तिच्या शेजारी चढून बसली, डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. दोघींचे चार पाय पलंगावरून खाली लोंबत होते.

डॉक्टरांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, यातली पेशंट कोणती?"